बाटलीतले तेल आणि मंदावलेला हात: एचआयव्हीशी निगडित मेंदूविकारात कॅनाबिनॉइडचा विचार

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. एचआयव्हीवर वर्षानुवर्षे नियमित उपचार घेणाऱ्या आणि तरीही बौद्धिक कामात मागे पडू लागलेल्या रुग्णांमध्ये ज्या गोष्टी वारंवार एकत्र आढळतात, त्या येथे एका रुग्णाच्या रूपाने मांडल्या आहेत. रुग्णाच्या तपासण्यांचे आकडे त्या मांडणीचा भाग आहेत. संशोधन म्हणून ज्यांचा उल्लेख येतो ते अभ्यास मात्र प्रत्यक्ष झालेले आहेत.

रुग्ण ५२ वर्षांचे, व्यवसायाने हिशेबनीस. एचआयव्हीचे निदान होऊन १७ वर्षे झालेली. निदान उशिरा झाले होते आणि त्या वेळी सीडी४ या रोगप्रतिकारक पेशींची संख्या ८४ होती. सुरुवातीच्या औषधयोजनेत एफाविरेन्झ होते. ती योजना निष्प्रभ ठरल्यावर गेली नऊ वर्षे ते टेनोफोविर, लॅमिव्युडिन आणि रिटोनाविरच्या जोडीने अटाझानाविर घेत होते. विषाणूभार, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, आठ वर्षे सलग ५० प्रतींच्या खाली, सीडी४ आता ६१०. कागदपत्रे पाहणाऱ्या कोणालाही हा उपचार यशस्वीच वाटला असता, आणि विषाणूपुरते पाहिले तर तो होताही.

त्यांची तक्रार अशी होती: "डॉक्टर, चूक मला सापडते, पण सापडायला वेळ लागतो." सोबत आलेल्या पत्नीने तीच गोष्ट अधिक नेमकी सांगितली. "पूर्वी हे एकदाच बेरीज करायचे. आता तीनदा करतात, आणि तिसऱ्यांदा झाल्यावर म्हणतात, पहिलीच बरोबर होती." याशिवाय तळपायांची जुनी जळजळ होती, झोप तुटक होती, आणि पूर्वी आवडीने केलेल्या गोष्टींत मन लागत नव्हते. हे सगळे सांगून झाल्यावर त्यांनी खिशातून एक छोटी तपकिरी बाटली काढून टेबलावर ठेवली. गांजाच्या रोपातील सीबीडी या द्रव्याचे तेल, दिवसातून दोनदा जिभेखाली, सहा आठवड्यांपासून. कॅनाबिनॉइडमुळे, म्हणजे अशा द्रव्यांमुळे, मेंदूतला दाह कमी होतो असे त्यांच्या वाचनात आले होते. झोप सुधारली होती, पाय कमी जळत होते. "मेंदूसाठी हे चालू ठेवू का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता, हे आधी नोंदवले पाहिजे. एचआयव्ही मेंदूत फार लवकर पोहोचतो. संसर्गानंतर अवघ्या आठ दिवसांत तो मस्तिष्कमेरुद्रवात, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात, सापडल्याची नोंद आहे. तो चेतापेशींना थेट संसर्ग करत नाही. संसर्ग झालेल्या मोनोसाइट पेशी रक्तातून मेंदूत शिरतात, तेथील मॅक्रोफेज आणि मायक्रोग्लिया या संरक्षक पेशींमध्ये विषाणू ठाण मांडतो, आणि त्या पेशींतून बाहेर पडणारी दाहकारक द्रव्ये, तसेच जीपी१२० आणि टॅट यांसारखी विषाणूचीच प्रथिने, शेजारच्या चेतापेशींना इजा करतात. ग्लुटामेट या संदेशवाहक द्रव्याचा अतिरेक होतो, त्याला प्रतिसाद देणाऱ्या एनएमडीए रिसेप्टरमधून चेतापेशीत कॅल्शियम घुसते आणि तिचे तंतू आक्रसतात. औषधांनी विषाणू दाबला तरी हा दाह अनेकांत पूर्णपणे विझत नाही, धुमसत राहतो. म्हणूनच आजाराचे रूप बदलले आहे. प्रभावी औषधे येण्यापूर्वी दिसणारा गंभीर स्मृतिभ्रंश आता विरळा झाला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चार्टर अभ्यासात १,५५५ जणांपैकी सुमारे निम्म्यांमध्ये काही ना काही बौद्धिक उणीव आढळली, पण स्मृतिभ्रंश म्हणावा इतकी ती केवळ २ टक्क्यांत होती. ज्यांची सीडी४ संख्या कधीकाळी फार खाली गेली होती त्यांना हा धोका अधिक, हेही त्याच अभ्यासातून ठळक झाले. आपल्या रुग्णाचा ८४ हा आकडा म्हणून महत्त्वाचा.

या धुमसत्या दाहाच्या जागीच कॅनाबिनॉइडची कल्पना नेमकी बसते. शरीरात या द्रव्यांसाठी मुख्यतः दोन रिसेप्टर आहेत: १९९० मध्ये ओळख पटलेला सीबी१, जो प्रामुख्याने चेतापेशींवर असतो, आणि १९९३ मध्ये ओळखला गेलेला सीबी२, जो प्रामुख्याने रोगप्रतिकारक पेशींवर असतो. निरोगी मेंदूत सीबी२ अत्यल्प आढळतो. परंतु एचआयव्हीचा माकडांतील भाऊबंद असलेल्या एसआयव्हीमुळे मेंदूदाह झालेल्या मकाक माकडांच्या मेंदूत, रक्तवाहिन्यांभोवतीच्या मॅक्रोफेजमध्ये आणि मायक्रोग्लियात सीबी२ वाढलेला दिसतो, असे २००५ मध्ये दाखवले गेले. म्हणजे जिथे आग आहे तिथेच नळ उगवलेला आहे. प्रयोगशाळेत सीबी२ उद्दीपित केला की टॅट प्रथिनाकडे मॅक्रोफेजची होणारी धाव मंदावते, हेही दिसले आहे. गांजातील नशा आणणारे टीएचसी दोन्ही रिसेप्टरना चिकटते. सीबीडीचे या दोहोंशी थेट नाते दुबळे आहे आणि त्याचा दाहशामक परिणाम इतर वाटांनी होतो असे मानले जाते. नशा, विसराळूपणा, वेळेचे भान सुटणे हे सारे सीबी१चे काम, आणि सीबी१ची दाट वस्ती असलेल्या ठिकाणांपैकी एक म्हणजे स्मृतीचे केंद्र असलेला हिप्पोकॅम्पस. ज्या रुग्णाची तक्रारच बुद्धीची आहे त्याच्या बाबतीत हा तपशील सोडून पुढे जाता येत नाही.

पहिल्या फेरीच्या तपासण्या

बौद्धिक चाचण्या त्याच आठवड्यात झाल्या, म्हणजे तेल चालू असताना. मागे वळून पाहता येथेच एक घाई झाली: आधी तेल थांबवून मग चाचण्या केल्या असत्या तर पुढचा गोंधळ टळला असता.

यातल्या एका चाचणीचे वर्णन करण्यासारखे आहे. धातूच्या पाटीवर २५ भोके असतात आणि प्रत्येक भोकाची खाच वेगळ्या दिशेला असते. खुंटीला एका बाजूने कंगोरा असतो, त्यामुळे ती बोटांत फिरवून खाचेशी जुळवल्याशिवाय आत जात नाही. निरोगी माणूसही या चाचणीत एकदोनदा चिडतो. आपले रुग्ण चिडले नाहीत. त्यांनी प्रत्येक खुंटी भोकावर धरली, क्षणभर थांबले, आणि मग फिरवली. हात थरथरत नव्हता, खुंटी पडत नव्हती. फक्त प्रत्येक वेळी तो एक क्षण जात होता. डाव्या हाताला ९२ सेकंद लागले, त्यांच्या वयासाठी अपेक्षित असलेल्या मर्यादेपेक्षा स्पष्टपणे जास्त. संकेतांवरून चिन्हे भरण्याच्या चाचणीतही तोच मंदपणा होता. १२ शब्दांच्या यादीपैकी वीस-पंचवीस मिनिटांनी त्यांना ५ शब्द आठवले.

गती, माहितीवरील प्रक्रियेचा वेग आणि स्मृती अशा तीन क्षेत्रांत उणीव, आणि कामावर तिचा सौम्य परिणाम. २००७ मध्ये ठरलेल्या फ्रास्काती निकषांनुसार दोन किंवा अधिक क्षेत्रांत सरासरीपेक्षा किमान एक प्रमाण विचलन खाली आणि दैनंदिन व्यवहारात सौम्य अडथळा असेल तर सौम्य चेताबौद्धिक विकार म्हणतात. हे निकष संशोधनासाठी बनवलेले आहेत आणि ते निरोगी माणसांनाही सहज आजारी ठरवतात, ही टीका रास्त आहे. आकडे लागू पडले म्हणून निदान पक्के झाले असे समजू नये. येथे तर मनोवस्थेचाही प्रश्न होता. नैराश्याच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत त्यांचे १३ गुण आले, म्हणजे मध्यम तीव्रतेचे नैराश्य, आणि नैराश्य एकट्याने माणसाला मंद करू शकते.

थायरॉइड, जीवनसत्त्व बी१२, सिफिलिस आणि हिपॅटायटिस सी यांच्या तपासण्यांत काही निघाले नाही. एमआरआयमध्ये पांढऱ्या भागात तुरळक ठिपके होते, या वयात अनेकांना असतात तसे. पूर्वी एकदा औषधयोजना निष्प्रभ ठरलेली असल्याने, रक्तात विषाणू दबलेला असूनही मेंदूत तो स्वतंत्रपणे वाढतो आहे का हे पाहणे आवश्यक होते, म्हणून पाठीतून मस्तिष्कमेरुद्रव काढला. विषाणू सापडला नाही. चेतापेशींची झीज दाखवणारे न्यूरोफिलामेंट प्रथिन मर्यादेत होते. परंतु रोगप्रतिकारक पेशी चेतलेल्या असल्याची खूण असलेले निओप्टेरिन वाढलेले होते.

त्यानंतर दोन अनपेक्षित गोष्टी हाती आल्या. बिलिरुबिन २.६ होते, पण त्याची काळजी नव्हती. अटाझानाविर घेणाऱ्यांचे डोळे असे किंचित पिवळे दिसतात आणि त्याचा यकृताच्या इजेशी संबंध नसतो. काळजी होती एएलटी या यकृताच्या एन्झाइमची. चार महिन्यांपूर्वी ते ३१ होते, आता १४२. अटाझानाविर नऊ वर्षे चालू होते, मद्य ते घेत नव्हते, नवीन फक्त तेल होते. सीबीडीमुळे यकृताची एन्झाइम वाढतात हे अपस्मारावरील औषधाच्या चाचण्यांतूनच ज्ञात आहे. त्यात रिटोनाविरची भर: ते यकृतातील सीवायपी३ए४ या एन्झाइमला रोखते, आणि सीबीडी व टीएचसी या दोघांच्याही विघटनात त्या एन्झाइमचा वाटा असतो. बाटलीतून जेवढे घेतले जात होते त्यापेक्षा अधिक शरीरात साचत असण्याची शक्यता होती.

दुसरी गोष्ट लघवीच्या तपासणीतली. टीएचसी सापडले. हे ऐकून रुग्ण हसले आणि म्हणाले, "मागेही असंच खोटं निघालं होतं." त्यांचे म्हणणे खरे होते. एफाविरेन्झ घेत असताना कामाच्या ठिकाणी झालेल्या तपासणीत त्यांच्यावर गांजाचा ठपका आला होता आणि पुढे तो चुकीचा ठरला होता. काही प्राथमिक तपासणी संच एफाविरेन्झलाच गांजा समजतात, हे माहितीतले आहे. पण आता एफाविरेन्झ बंद होऊन नऊ वर्षे झाली होती आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या अधिक अचूक तपासणीनेही टीएचसीच असल्याचे पक्के केले. बाटलीवर त्याचा उल्लेख नव्हता. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही: २०१७ मध्ये इंटरनेटवरून मागवलेल्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली तेव्हा १८ मध्ये टीएचसी आढळले होते, आणि लेबलवरचे सीबीडीचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी उत्पादनांत बरोबर होते.

तेल थांबवल्यावर

तेल आठ आठवडे पूर्ण बंद ठेवायचे आणि मग चाचण्या पुन्हा करायच्या, असे ठरले. रुग्ण नाराज होते आणि त्यांची नाराजी अकारण नव्हती. पहिले दोन आठवडे झोप पुन्हा बिघडली आणि पायांची जळजळ वाढली. एचआयव्हीमुळे होणाऱ्या चेतातंतूंच्या वेदनेवर गांजाचा उपयोग होतो याला बऱ्यापैकी आधार आहे. २००७ मधील एका चाचणीत ओढून घेतलेल्या गांजाने रोजची वेदना (मध्यक पाहता) ३४ टक्क्यांनी कमी झाली, तर प्लासिबोने, म्हणजे औषधी घटक नसलेल्या नकली मात्रेने, १७ टक्क्यांनी. म्हणजे रुग्णाला जो आराम वाटत होता तो मनाचा खेळ होता असे म्हणता येणार नाही. पण तो आराम पायांचा आणि झोपेचा होता. त्यांनी तो मेंदूच्या खात्यावर जमा केला होता, आणि हिशेबनिसाकडून झालेली ही नोंद कदाचित या प्रकरणातली सर्वांत समजण्यासारखी चूक असावी.

आठ आठवड्यांनी एएलटी ३८ झाले. पाठ झालेले शब्द मोजले जाऊ नयेत म्हणून शब्दांची वेगळी यादी वापरली. त्यातले ८ शब्द आठवले. खुंट्यांना डाव्या हाताने ९१ सेकंद. चिन्हे भरण्याचा वेग जवळजवळ तोच. म्हणजे स्मृतीतली उणीव बव्हंशी बाटलीसोबत गेली आणि मंदपणा तसाच राहिला. दुसऱ्यांदा चाचणी देताना थोडी सुधारणा सरावानेही होते, हे धरूनही पाचावरून आठ हा फरक दुर्लक्षिण्यासारखा नाही. दाह कमी करण्यासाठी घेतलेल्या द्रव्यातला न सांगितलेला घटक स्मृती पुसत होता, हा या घटनाक्रमाचा सर्वांत सरळ अर्थ.

मग निओप्टेरिनचे काय?

खरा प्रश्न येथून सुरू होतो. तेल अशुद्ध होते, मात्रा अनिश्चित होती, रिटोनाविरशी त्याचे जमत नव्हते. हे सारे मान्य केले तरी मस्तिष्कमेरुद्रवात दाहाची खूण उरते. दाह आहे, विषाणू नाही, चेतापेशी अद्याप झपाट्याने मरत नाहीत. सीबी२वर काम करणाऱ्या औषधाची चाचणी घ्यायची तर याहून योग्य रुग्ण शोधून सापडणार नाही. शुद्ध आणि मोजून दिलेले कॅनाबिनॉइड द्यावे का?

बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. ड्रोनाबिनॉल हे कृत्रिम टीएचसी एड्समधील भूक न लागणे आणि वजन घटणे यांसाठी अमेरिकेत १९९२ पासून मान्य आहे, त्यामुळे या रुग्णांना कॅनाबिनॉइड देणे ही नवी गोष्ट नाही. २००३ मधील २१ दिवसांच्या चाचणीत गांजा किंवा ड्रोनाबिनॉल यांमुळे विषाणूभारावर वाईट परिणाम दिसला नाही. २०१८ मध्ये एचआयव्ही असलेल्या गांजा वापरणाऱ्यांच्या रक्तात सीडी१६ असलेल्या मोनोसाइट पेशी कमी आढळल्या, आणि मेंदूत शिरणाऱ्या पेशी बहुतांशी याच गटातल्या असल्याने हे निरीक्षण लक्षवेधी ठरते. २०२० मधील एका अभ्यासात एचआयव्हीग्रस्तांमध्ये गांजाचा वापर आणि बौद्धिक उणिवेची कमी शक्यता यांचा संबंध दिसला. मात्र हे शेवटचे दोन्ही अभ्यास माणसे स्वतःहून जे करत होती त्याचे निरीक्षण आहेत. ज्यांची प्रकृती आणि मन बरे आहे तेच गांजा चालू ठेवतात, असे असू शकते. उलट दिशेचे निष्कर्षही आहेत: २०१६ मधील एका अभ्यासात एचआयव्हीसह मध्यम ते अधिक गांजा वापरणाऱ्यांची शिकण्याची क्षमता कमी दिसली.

माकडांवरील अभ्यासाचा आधार वारंवार घेतला जातो, म्हणून तो नीट वाचला पाहिजे. २०११ मध्ये नर मकाक माकडांना रोज टीएचसी दिल्यावर एसआयव्हीचा विषाणूभार आणि लवकर होणारे मृत्यू कमी झाले. पण टीएचसी संसर्गाच्या आधीपासून सुरू केले होते. आपल्या रुग्णाला संसर्ग होऊन किमान १७ वर्षे झाली आहेत; पेटण्यापूर्वी भिजवलेले लाकूड आणि धुमसणारे लाकूड यांना एक नियम लावता येत नाही. शिवाय पुढे माद्यांवर तसाच अभ्यास झाला तेव्हा ते संरक्षण दिसले नाही.

आणि माझ्या मते निर्णय ज्यावर व्हावा तो पुरावा कॅनाबिनॉइडचा नाहीच, मिनोसायक्लिनचा आहे. या प्रतिजैविकाकडेही असेच आशेने पाहिले गेले होते. ते मेंदूत पोहोचते, मायक्रोग्लियाची चेतना शमवते, आणि एसआयव्ही झालेल्या माकडांचा मेंदू त्याने वाचवला होता. बौद्धिक उणीव असलेल्या एचआयव्ही रुग्णांना ते २४ आठवडे देण्याची चाचणी झाली आणि २०११ मध्ये निकाल आला: बुद्धीत सुधारणा नाही. मेमँटिन आणि सेलेजिलिन या औषधांचीही कथा वेगळी नाही. प्रयोगशाळेत सुसंगत दिसणारी साखळी माणसाच्या कामाच्या टेबलापर्यंत पोहोचेलच असे नाही, आणि कॅनाबिनॉइडच्या बाजूचा आजचा पुरावा चाचणीपूर्वीच्या मिनोसायक्लिनपेक्षा भक्कम आहे असे मला वाटत नाही. कॅनडात एचआयव्ही रुग्णांना तोंडावाटे कॅनाबिनॉइड देऊन जी प्राथमिक चाचणी झाली तीत १० जण होते, तिचा हेतू सुरक्षितता पाहण्याचा होता, आणि त्यांपैकी दोघांना सुरक्षिततेच्या कारणावरून ती मध्येच सोडावी लागली.

म्हणून मेंदूविकारावरचा उपचार म्हणून कॅनाबिनॉइड द्यायचे नाही, असे ठरले. वेदनेसाठी द्यावे का हा प्रश्न वेगळा ठेवला आणि तसे रुग्णाला सांगितले.

पुढचे नऊ महिने

जुने औषधप्रतिकाराचे अहवाल पाहून अटाझानाविर आणि रिटोनाविर काढले आणि त्याजागी डोल्युटेग्राविर आणले. मेंदूत जास्त शिरणारी औषधे दिली की बुद्धी सुधारते या अपेक्षेने हा बदल केला नव्हता. त्या कल्पनेची नियंत्रित चाचणी झाली होती आणि तीत लाभ दिसला नाही. उद्देश इतकाच की पुढे कोणतेही औषध देताना रिटोनाविर आडवे येऊ नये. डोल्युटेग्राविरने झोप बिघडू शकते, म्हणून ते सकाळी. नैराश्य आणि पायांची जळजळ अशा दोन्हींचा विचार करून ड्युलॉक्सेटिन निवडले, पण यकृतासाठी ते एएलटी उतरल्यानंतरच सुरू केले. कामावर त्यांनी स्वतःच बदल केले: मोठे ताळेबंद दिवसाच्या पहिल्या दोन तासांत, आणि अंतिम बेरीज सहकाऱ्याने पडताळायची.

नवव्या महिन्यात पीएचक्यू-९चे गुण ५ होते आणि चिन्हे भरण्याचा वेग थोडा वाढला होता. डाव्या हाताला खुंट्यांसाठी ९० सेकंद लागले, पाटी बाजूला सारत त्यांनी आपणहून विचारले, "किती?" आणि आकडा ऐकून मान डोलावली. पत्नीचे म्हणणे, बेरीज आता बहुधा दोनदा होते. हातातला तो क्षणाचा थांबा बहुतेक सीडी४ ८४ होते त्या काळातला असावा आणि तो जाईल असे वाटत नाही.

पायांची जळजळ निम्म्याने कमी आहे, गेलेली नाही. त्यांनी पुन्हा तेलाबद्दल विचारले आणि या वेळी पायांसाठी विचारले. फाइलमध्ये नोंद केली आहे: ड्युलॉक्सेटिनची मात्रा आणखी सहा आठवडे पाहावी, त्यानंतरही गरज वाटली आणि कायद्याची मुभा असली तर प्रमाण निश्चित असलेल्या औषधी स्वरूपातील कॅनाबिनॉइडचा विचार करावा, सुरू करण्याआधी एएलटी आणि शब्दांची यादी, चौथ्या आठवड्यात दोन्ही पुन्हा, आठवलेल्या शब्दांत दोनहून अधिक घट झाल्यास बंद. सीबी२वरील औषधाची चाचणी कुठे सुरू झाल्यास त्यांना कळवावे, असे त्यांनी स्वतःच्या हाताने त्या नोंदीखाली लिहिले आहे.